जनावर मरते ते भुकेने



उन्हाळा सरता सरता गावोगावी एकच तक्रार असते. गाईने घाणेरी खाल्ली, कावीळ झाली, उन्हात गेली की कातडी भाजल्यासारखी सोलते. पुढे पाऊस ताण देतो. खुरटलेल्या ज्वारीत जनावर शिरते आणि तासाभरात आडवे होते. मग आपण म्हणतो, मुक्या जनावराला काय कळते?

कृषी महाविद्यालयात मी विषारी झाडांची यादी पाठ केली. बाकीचे गुराख्यांनी शिकवले. जनावराला कळते. वासरू आईमागे चरताना काय खावे, काय टाळावे हे शिकते. शेळी अनोळखी पाल्याचे आधी दोन घास घेऊन बघते. पोट भरलेली गाय घाणेरीला सहसा तोंड लावत नाही. लावते ती बाजारातून नुकती आणलेली, रान न ओळखणारी, नाहीतर उपाशी.

कोवळी ज्वारी मात्र चवीला गोड. तिथे जनावर फसते. फुलोऱ्याआधीच्या, पाण्याविना सुकलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य जास्त असते. थोडे पोटात गेले तर शरीर ते पचवते. उपाशी जनावर अधाशासारखे खाते, म्हणून मरते.

ते उपाशी का? गायरान घाणेरीने आणि अतिक्रमणाने खाल्ले. ज्वारीला भाव नाही, म्हणून आपण खरिपात कापूस आणि सोयाबीन धरले. ज्वारीबरोबर कडबाही गेला. ज्वारीचा भाव पडतो तेव्हा दावणही रिकामी होते, हे हिशेब करणाऱ्यांना दिसत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. उपाशी जनावर फुटव्यात सोडू नका, आधी कडबा टाका. हिरवी ज्वारी फुलोऱ्यानंतरच कापा. नवे जनावर काही दिवस बांधून चारा. घाणेरी खाल्लेले जनावर सावलीत बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. ज्वारी बाधली तर क्षणही दवडू नका. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जनावर वाचते.

ते औषध आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे का? जिल्हा बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने जाऊन विचारावे. नसेल, तर बैठकीतला पहिला ठराव तोच.