एकत्र शिकण्याला विरोध कशासाठी?

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे म्हणजे वेळेचा अपव्यय, मुलांचीच तयारी नसते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही.

मी बावीस वर्षे नर्सिंग शिकवते आहे. एकदा वॉर्डात इंटर्नने केसपेपरवर इन्सुलिनचे ४ युनिट लिहिताना आकड्यापुढचा इंग्रजी ‘यू’ घाईत असा काढला, की तो शून्यच वाटावा. ४ चे ४० झाले! तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला शंका आली. इंटर्न शेजारच्याच खाटेपाशी उभा होता, तरी ती माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, सरांना तुम्हीच विचारा ना.’’ डोस वेळीच थांबला. तिला समजत सगळे होते, बोलायची सवय नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित शिक्षणाचा आराखडा २०१० मध्येच मांडला आहे. आपल्याकडे तर वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी हे सारे अभ्यासक्रम नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहेत. महिन्यातून एक केस तरी या मुलांनी मिळून मांडावी, आणि तीही पहिल्या वर्षापासून. इंटर्नशिपपर्यंत थांबलो तर ‘सर’ आणि ‘सिस्टर’ यांच्यातली भिंत पक्की झालेली असते.

– एक नर्सिंग शिक्षिका, सोलापूर