नुसता भडका नको
फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत सर 'डेमो' दाखवणार म्हटलं की शेवटचा बाकसुद्धा जागा होतो. पण भडक्यातून शिकलो काय? मिथेनॉलवरच्या रंगीत ज्वाळा दाखवताना अमेरिकेत विद्यार्थी भाजलेत. फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनला मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली!

होस्टेलवर लाइट गेली की बघा (रेक्टरसरांना सांगून हं!). मेणबत्ती विझवा, वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत उडी मारून वातीवर येते. मग जळतं काय, वात की मेणाची वाफ?

माझं म्हणणं एवढंच, काडी ओढण्याआधी सरांनी विचारावं, "आता काय होईल?" उत्तर देऊन बसलेला पोरगा डोळे फाडून बघतो. बाकीचे मोबाइलवर शूटिंग करतात.