सावंतवाडी : सहलीचे कुटुंब थांबले तर कारागीर टिकेल

सहलीला निघालेले कुटुंब हे बाजाराचे सर्वांत चांगले गिऱ्हाईक होय, ही गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंनी अजून म्हणावी तशी ध्यानात घेतलेली नाही. एकटा माणूस येतो तो कामापुरता. कुटुंब आले की मुले खेळण्यांपाशी अडून बसतात, आई घरासाठी वस्तू पाहते, आजीला लेकीकडे काही न्यायचे असते. मात्र हे कुटुंब गावात तासभर थांबते की दिवसभर, यावर सारा हिशेब आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे याचे बोलके उदाहरण.

गाव लहान. मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा आणि पायी जाण्याच्या अंतरावर बाजारपेठ. म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत असली तरी तलावाकाठी आरामात फिरता येते. एका बाजूस सुमारे ३० किलोमीटरवर आंबोलीचा घाट आणि पावसाळ्यातला धबधबा, दुसऱ्या बाजूस जवळजवळ तेवढ्याच अंतरावर वेंगुर्ल्याचा समुद्र. दोन दिवसांची सहल सहज होईल. तरीही पुष्कळ गाड्या सरळ गोव्याला जातात.

याला कारण आहे. पूर्वी मुंबई-गोवा रस्ता गावातून, तलावाच्या कडेने जात असे. आता झाराप-पत्रादेवी रस्त्याने वाहतूक गावाबाहेरून जाते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण स्टेशन मळगावला, गावापासून दूर. २०२३ च्या जानेवारीत गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, तोही फार लांब नाही. म्हणजे गिऱ्हाईक जवळून जाते, पण मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय दुकानापर्यंत पोहोचत नाही. त्याने वाट का वाकडी करावी, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

उत्तर चितार आळीत आहे. लाकडाची रंगीत फळे, भाज्या, भातुकली आणि पाट ही येथली जुनी कारागिरी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर ती पोसली गेली. दुसरा हुन्नर गंजिफांचा. हे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात बारा, असे १२० पत्ते असतात. ही कला मरणपंथाला लागली असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आसरा दिला. तेथे कारागीर पत्ते रंगवताना आजही पाहायला मिळतात.

हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफेत आठ रंग व ९६ पत्ते असतात. त्यांतील एका रंगाचे नाव ‘बरात’, म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, आणि दुसऱ्याचे ‘कुमाश’, म्हणजे माल, कापड. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या कापडवाल्याला हे वाचून नवल वाटले. बादशहाच्या पत्त्यांत ताज आणि शमशेरीच्या रांगेत आपला धंदाही बसलेला आहे! अशी एखादी हकिगत दुकानदाराने मुलांना सांगितली, तर त्या डबीची किंमत गिऱ्हाइकाला जास्त वाटणार नाही.

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. गादीवर बसून ज्याने ठाण उलगडलेले पाहिले, तो सहसा रिकाम्या हाताने उठत नाही. हाच नियम खेळण्यांना लागू आहे. दुकानाच्या एका कोपऱ्यात कारागिराला रंग आणि कुंचला घेऊन बसवा. मुलाच्या हाती एक कोरा लाकडी आंबा द्या आणि त्याला रंगवू द्या. ते कुटुंब अर्धा तास थांबेल आणि तो आंबा विकतही घेईल.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. सहलीच्या हंगामात दुपारी दुकान बंद ठेवू नये. बायाबापड्यांना बसायला जागा, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास हवा. चार दुकानदारांनी मिळून खर्च केला तर तो जड नाही. हलाल जेवण कोठे मिळते, मशीद कोणत्या रस्त्याला आहे, हे विचारण्याआधी सांगावे. जेथे कुटुंबाची सोय होते तेथेच ते मुक्काम करते.

शेवटची गोष्ट ईमानाची. बाहेरून आणलेला यंत्रावरचा किंवा प्लास्टिकचा माल ‘सावंतवाडीचा’ म्हणून विकणे हा नफा नव्हे, ती भांडवलाची चोरी आहे. स्वस्त माल ठेवायचा तर ठेवा, पण वेगळ्या फळीवर आणि खरे नाव सांगून. कारागिराच्या मुलाला बापाच्या कामात चार पैसे दिसले नाहीत, तर तो गोव्याच्या हॉटेलात नोकरी धरील. मग तलाव राहील, राजवाडा राहील, पण गिऱ्हाइकाला वाट वाकडी करण्याचे कारण उरणार नाही.