जखम भरली की झालं?

"त्वचा आली ना? मग आता कशाला ती पट्टी?" आमच्या जोगेश्वरीच्या घरात हे मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. आईच्या हातावर उकळतं तेल सांडून कोपराची आतली बाजू भाजली होती. जखम भरल्यावर हात सरळ ठेवणारी स्प्लिंट आम्हीच काढून टाकली. आज तो हात पूर्ण सरळ होत नाही.

म्हणून हा राग. आपला सगळा विश्वास मलमावर! पेशी फक्त रसायनांनी बोलतात अशी समजूत. अहो, त्या ओढूनही बोलतात. जखमेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे पकडून खेचतात. तो ताण पलीकडच्या पेशीला कळतो, मग तीही जोर लावते. ताण वाढला की त्यांच्यात स्नायूंसारखे आकुंचन पावणारे दोर तयार होतात. जिनिव्हाच्या गॅबियानींनी अशा पेशी १९७१ साली दाखवल्या.

जखम मिटायला ही ओढ हवीच. पण सांध्यापाशी खोल भाजलं असेल, तर त्वचा आल्यावरही ही रस्सीखेच कित्येक महिने चालते आणि सांधा आखडतो. स्प्लिंट, घट्ट पट्टे, व्यायाम हे त्या ओढीला उलट उत्तर असतं, डॉक्टरांची हौस नव्हे.

लिंक रोडच्या त्या बाजूला, पवईच्या आयआयटीत, पेशींच्या या ओढाताणीवर संशोधन चालतं. या बाजूला आम्ही "हळद लाव" म्हणत बसलो.

असो. मंडळी, घरात कुणी भाजलं तर डॉक्टर सांगेपर्यंत स्प्लिंट काढू नका. मावशी, हे तुझ्यासाठीही.