पुसट झालेले ठसे आणि विमानतळावरील खिडकी

“डॉक्टर, यंत्राला माझी बोटंच दिसत नाहीत. मग विमानतळावरून मला परत पाठवतील का हो?”

डिलाईल रोडवरील एका आजींचा हा प्रश्न. वय ७२. गिरण्यांच्या काळात त्यांच्या घरी खानावळ होती. तीस वर्षे त्यांनी कामगारांसाठी भाकऱ्या थापल्या, राखेने भांडी घासली. आता नातवाला पाहण्यासाठी टोरांटोला जायचे, तर व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे उमटेनात. चौथ्या प्रयत्नात ते मिळाले. धास्ती मात्र उरली आणि रक्तदाबही वाढला.

वस्तुतः मुंबईहून निघताना इमिग्रेशनच्या नेहमीच्या खिडकीवर अधिकारी पासपोर्ट, व्हिसा व बोर्डिंग पास पाहतो आणि दोन-चार प्रश्न विचारतो : कोठे, कोणाकडे, किती दिवस. भारतीय प्रवाशांना प्रस्थानाचा अर्ज भरण्याची अटही १ जुलै २०१७ पासून उरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये येथे जलद तपासणीची स्वयंचलित दारे सुरू झाली. त्यांसाठी आगाऊ नोंदणी करून ठसे व चेहरा द्यावा लागतो. पण ही सोय ऐच्छिक आहे. ज्यांचे ठसे उमटत नाहीत, त्यांनी त्या वाटेला न गेलेलेच बरे, असे माझे मत.

वयानुसार त्वचा कोरडी व सैल होते, बोटांवरील रेषा सपाट होत जातात. कष्टाची कामे, साबण आणि इसब त्यात भर घालतात. कर्करोगावरील कॅपेसिटाबीन या गोळ्यांमुळे तर काहींचे ठसे पुसलेही जातात. २००८ साली या गोळ्या घेणाऱ्या सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या प्रवाशाला अमेरिकेत उतरल्यावर याच कारणाने चार तास थांबवून ठेवले होते. तेव्हा परळला टाटा रुग्णालयात ज्यांचे उपचार चालू आहेत आणि ज्यांना हे औषध आहे, त्यांनी डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र पासपोर्टसोबतच ठेवावे. इतरांनी प्रवासाआधी काही आठवडे रोज रात्री बोटांना व्हॅसलीन लावावे. ठसे देताना मात्र हात धुऊन, कोरडे करून जावे.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांना तिकिटाअभावी दाराबाहेरच थांबावे लागते. आतली रांग ज्येष्ठांना एकट्यानेच पार करायची असते. म्हणून चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवावी. श्रवणयंत्रात नवी बॅटरी घालावी आणि ते कानातच असू द्यावे. न ऐकू आलेल्या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणण्याची सवय अनेकांना असते. मुक्कामाचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. रांगेच्या भीतीने पाणी किंवा लघवीची गोळी परस्पर बंद करू नये. गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारावे.

आजी पुढल्या महिन्यात निघतील. हातमोजे घालून भांडी घासायला त्या अजून राजी नाहीत. सूनबाईंशी बोलावे लागेल.