रोलर सायलेन्सरवर फिरतो, दुकानाकडे कधी वळणार?

बुलेटच्या फटाका सायलेन्सरवर रोलर फिरतो, फोटो निघतात, आम्हाला प्रेसनोट येते. माझा सवाल साधा आहे: हे सायलेन्सर विकले कुणी, बसवले कुणी? १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. कलम १९०(२) मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिने लायसन्स बंद. हे सगळं पोराच्या माथी. दुकानदार मात्र बोर्ड लावून बिनधास्त!

पोरांनो, तुम्हीही ऐका. आवाज वाढला म्हणजे पिकअप वाढला असं नसतं. पेट्रोल-हवेचं गणित न जुळवता नुसतं नळकांडं बदललं, तर फरक जाणवतो तो शेजारच्या म्हाताऱ्यांना.

साहेब, पुढच्या वेळी कारवाई दुकानात करा. फोटो काढायला मी स्वतः येतो.