रजिस्टर म्हणजे जाहिरातीची यादी नव्हे

पावसाळ्यात गगनबावड्याला रीघ लागते. गगनगडावर दर्शन, भुईबावडा घाटातलं धुकं, रात्री लॉजवर नाहीतर होमस्टेत मुक्काम. पाहुण्याचं नाव, मोबाईल आणि हल्ली ई-मेलही रजिस्टरात उतरतो. पाहुणा घरी पोचतो न पोचतो तोच थर्टीफर्स्टपर्यंतच्या ऑफरांचा भडिमार सुरू.

याचं समर्थन ठरलेलं असतं: ‘त्यांनी स्वतःच्या हातानं पत्ता लिहून दिला, आणखी कसली परवानगी?’ पण रजिस्टर ठेवायचं ते मुक्कामाला कोण होतं याची नोंद राहावी म्हणून, पोलिसांनी मागितलं तर दाखवता यावं म्हणून. तिथं नकार दिला तर खोलीची किल्लीच मिळत नाही. जिथं नाही म्हणायची सोय नाही, तिथला होकार कसला? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात याला चपखल बसणारं उदाहरण आहे. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकानं पैसे दिल्याची पोच मिळावी म्हणून मोबाईल नंबर दिला, तर दुकानदारानं तो पोच पाठवण्यापुरता वापरावा. औषधाच्या दुकानाला जो न्याय, तोच लॉजला. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर हात धुऊन घ्यावेत असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं पुढचं वाचावं.

‘यादी मोठी, तर धंदा मोठा’ हा दुसरा दावा. त्याला इतिहासाचा आधारही काढता येईल. मे १९७८ मध्ये अमेरिकेत गॅरी थुर्क यांनी सुमारे ४०० जणांना न विचारता संगणकांची जाहिरात ई-मेलनं पाठवली. तक्रारी झाल्या, पण विक्रीही झाली असं ते सांगत. झाली असेल! तेव्हा ई-मेल येणं हेच अप्रूप होतं. आज जीमेल पाठवणाऱ्यांना बजावतं की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवा. म्हणजे हजारात तिघांनी वैतागून ते बटण दाबलं की धोक्याची रेषा आली. पुढं त्याच पत्त्यावरून खरोखरच्या बुकिंगची पावती पाठवलीत तरी ती स्पॅममध्ये पडू शकते. विकत आणलेली दहा हजारांची यादी अशी मालकावरच उलटते.

‘नको असेल त्यानं कळवावं, आम्ही बंद करू,’ ही सर्वांत गोड सबब. दार आपण ठोठवायचं आणि उठून कडी लावायचं काम मात्र घरमालकाचं!

मग करावं काय? गगनबावड्याच्या व्यावसायिकाला तर हे फार सोपं आहे, कारण त्याच्याजवळ लोकांना हवी असलेली खबर आहे. २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बंद झाला आणि वाहतूक भुईबावडा, फोंडा घाटाकडे वळवावी लागली. कोकणात उतरणाऱ्या किती जणांना ‘घाट सुरू झाला’ हा निरोप हवा असेल! तो हवा का, हे रजिस्टरापासून वेगळ्या कागदावर विचारा. चौकट कोरी ठेवा, टिक पाहुण्याला करू द्या. घाटाची, पावसाची खबर आणि सवलतीची जाहिरात यांची संमती निराळी घ्या. एकीच्या आडून दुसरी खपवू नका. नंतर एक ई-मेल पाठवून ‘हा पत्ता तुमचाच ना, निरोप हवेत ना?’ असं विचारा आणि होकार आला तरच नाव यादीत घाला. चुकून दुसऱ्याचाच पत्ता लिहिलेला असेल तर तोही इथंच गळतो. तारीख आणि काय विचारलं होतं, दोन्ही जपून ठेवा. प्रत्येक पत्राच्या तळाशी एका टिचकीत बाहेर पडायची सोय हवी. होकार देणं जितकं सोपं तितकंच तो मागं घेणंही सोपं असावं, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे.

लहान व्यावसायिकाला हे झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. उसाच्या नोंदीपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत कागद सांभाळणाऱ्या कोल्हापूरकराला एक जादा कागद जड जाईल?

यादी लहान होईल, हे खरं. होऊ द्या. पुढच्या हंगामाआधी जुनी यादी उघडा आणि ज्या पत्त्याची संमती कधी, कशासाठी मिळाली हे सांगता येत नाही, तो खोडून टाका.